कॅमेऱ्याचं भाडं रोज, अभिनेत्रीचं मानधन ‘नंतर’

पत्राचा सारांश: जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३६. कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. कॉलेजच्या एकांकिकांपासून सुरुवात झाली, मग राज्य नाट्य स्पर्धेत वर्षामागून वर्षं कामं केली, अभिनयाची रौप्यपदकंही मिळाली. दोन स्वतंत्र, म्हणजे मोठ्या निर्मितीसंस्थेशिवाय कमी पैशांत केलेल्या, चित्रपटांत भूमिका केल्या. पहिला महोत्सवात दाखवला गेला, कौतुक झालं, हातात पडला तो प्रवासखर्च. दुसरा पैशांअभावी संकलनाच्या टेबलावर अडकलेला आहे. आता तिसऱ्यात मुख्य भूमिका चालून आली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जानेवारी-फेब्रुवारीत ३२ दिवसांचं चित्रीकरण, मानधन ‘सिनेमा विकला गेल्यावर’. तासिका बुडतील आणि पुढच्या वर्षी कॉलेज बोलावेल की नाही, ही धास्ती आहे. घरात दुसरीतली मुलगी, गुडघ्यांनी बेजार सासूबाई आणि पती. पती अडवत नाहीत, पण म्हणतात, “एकदाचं ठरव, हे काम आहे की हौस.” गावात लोक विचारतात, “सिरियलमध्ये कधी दिसशील?” आणि उदाहरण देतात स्मिता पाटीलचं. मुंबईच्या एका ऑडिशनमध्ये “भाषेला खान्देशी वास येतो” असं ऐकून परत आल्या. त्यांचा प्रश्न: “मुंबईला जाऊ, की सोडून देऊ? इतक्या वर्षांत माझं काही करिअर झालं असं म्हणायचं का?”

ताई,

मुंबईचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. तुमचं पत्र वाचताना मी दर वेळी एकाच ओळीपाशी अडले. ‘मानधन सिनेमा विकला गेल्यावर देतो म्हणाले.’ ही ओळ लिहून तुम्ही लगेच पुढच्या विषयाकडे वळलात. सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल, कॉलेजच्या वेळापत्रकाबद्दल, स्वतःच्या भाषेबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत. ३२ दिवसांच्या श्रमाचं काय, याला मात्र एक वाक्य. तुमची निम्मी अडचण मला त्या एका वाक्यात दिसते.

त्या सेटवर लगेच पैसे कोणाकोणाला मिळणार आहेत ते बघा. कॅमेरा आणि लेन्स भाड्यानं येतील, भाडं दिवसावर. जनरेटरवाला डिझेलचे पैसे आधी घेईल. लाइटची मुलं, गाड्यांचे चालक, जेवणाचा केटरर, लॉजचा मालक, यांतलं कोणी ‘सिनेमा विकला गेला की द्या’ असं म्हणणार नाही. म्हणजे पैसा मुळीच नाही असं नसतं. आहे तो कोणाला आधी द्यायचा याचा क्रम लागलेला असतो आणि त्यात अभिनेत्री सगळ्यात शेवटी असते, कारण ती ‘नाही’ म्हणणार नाही याची सगळ्यांना खात्री असते. तुमचे दिग्दर्शक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. अशा चित्रपटांत दिग्दर्शकाच्याच डोक्यावर बहुधा कर्ज असतं. पण त्यांची ओढाताण खरी आहे म्हणून तुमची खोटी ठरत नाही.

आता ‘विकला गेल्यावर’ म्हणजे कधी? अलीकडचे नावाजलेले स्वतंत्र मराठी चित्रपट घ्या. ‘कोर्ट’ २०१४ च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गेला, आपल्याकडे चित्रपटगृहांत आला एप्रिल २०१५ मध्ये. विदर्भातल्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला ‘स्थळ’ सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचा मोठा पुरस्कार मिळाला, तरी प्रेक्षकांपर्यंत यायला सप्टेंबर उजाडला. ही यशाची उदाहरणं आहेत. जगभर गाजलेल्या चित्रपटांनाही महोत्सवातून तिकीटबारीपर्यंत यायला सात महिने ते दीड वर्ष लागलं, त्याआधीचा चित्रीकरण-संकलनाचा काळ वेगळाच. बाकीचे कित्येक चित्रपट विकलेच जात नाहीत, हे तुमच्या दुसऱ्या चित्रपटानं तुम्हाला दाखवलंच आहे. म्हणून घरखर्चाचा हिशेब मांडताना पुढे ढकललेलं मानधन शून्य धरा. मिळालं तर आनंद आहे, पण मुलीची फी त्यावर अवलंबून नको.

मग भूमिका सोडायची का? नाही. तुम्ही पत्रात भूमिकेतल्या त्या बाईबद्दल, तिच्या शेताबद्दल आणि तिच्या गप्प बसण्याबद्दल जे लिहिलंय, ते वाचून मला ती भूमिका तुम्हीच करावी असं वाटतं. पण आधी किंमत ठरवा. ती ठरवणं वाटतं तितकं अवघड नाही. ३२ दिवसांत किती तासिका बुडतील त्यांचे पैसे लिहा. सासूबाई आणि मुलीसाठी मदतीला बाई ठेवावी लागेल, तिचा महिन्याचा पगार लिहा. जाण्या-येण्याचा, फोनचा, औषधांचा खर्च लिहा. ही बेरीज म्हणजे घराला तोशीस न लागता तुम्ही बाहेर पडू शकता ती रक्कम. यात तुमच्या अभिनयाचा अजून एक रुपयाही आलेला नाही. या रकमेखाली उतरायचं नाही, आणि ती चित्रीकरण संपायच्या आत मिळायला हवी: काही भाग सही करताना, काही निम्मं काम झाल्यावर, उरलेला शेवटच्या दिवसाआधी. त्यावरचं जे मानधन, ते हवं तर विक्रीनंतर घ्या.

त्या ‘नंतर’च्या भागात एक बारीक खोच असते. करारात ‘नफ्यातला वाटा’ लिहिला असेल तर निर्मात्याचा सगळा खर्च वसूल झाल्यावर, त्यात महोत्सवांच्या प्रवेश-फीपासून जाहिरातीपर्यंत सगळं धरून झाल्यावर, उरेल त्यातला वाटा मिळतो. बहुतेक वेळा काही उरत नाही. ‘उत्पन्नातला वाटा’ किंवा ‘पहिल्या विक्रीतून अमुक रक्कम’ असं असेल तर पैसे आले त्याच दिवशी तुमचा हक्क सुरू होतो. एका शब्दानं फार फरक पडतो, म्हणून हा कागद तालुक्यातल्याच एखाद्या वकिलाला दाखवून घ्या. चित्रपट-व्यवसायाचा खास जाणकार वकील असला पाहिजे असं नाही. मराठी नीट वाचणारा आणि शंका काढणारा असला की पुरे.

कागदावर आणखी काय हवं ते सांगते, कारण अशी पत्रं मला नंदुरबारहून, शिरपूरहून, चाळीसगावहूनही येतात. दिवस किती आणि दिवसाचे तास किती. दिवस वाढले तर जास्तीचे पैसे किती. राहण्याची खोली स्वतंत्र की सामायिक, आणि स्त्री-कलाकारांना सेटवर कपडे बदलायला बंद जागा आहे की नाही. सातपुड्यात जानेवारीत पहाटे केवढा गारठा असतो आणि मोकळ्या रानात बाईमाणसाची किती कुचंबणा होते, हे मुंबईहून येणाऱ्या युनिटला आपणहून सुचत नाही. ते आधी लिहून घ्यावं लागतं. डबिंगचे दिवस चित्रीकरणात धरले आहेत की वेगळे. अंगलगटीचं दृश्य असेल तर नेमकं काय दिसणार आणि काय दिसणार नाही. सेटवर अपघात झाला तर खर्च कोणाचा. श्रेयनामावलीत नाव कुठं आणि कसं. हे सगळं सहीच्या आधीच बोला, कारण करारात वेगळं ठरलं नसेल, तर कलाकारानं एकदा लेखी संमती देऊन चित्रपटात काम केलं की त्या चित्रणाच्या वापराला नंतर हरकत घेता येत नाही, असं कॉपीराइट कायदाच सांगतो.

एक गोष्ट तुम्ही मागितलीच नसेल अशी मला दाट शंका आहे: स्वतःच्या कामाच्या फिती. पहिल्या चित्रपटात तुम्ही इतकं चांगलं काम केलंत, पण आज एखाद्या कास्टिंग डायरेक्टरनं ‘दाखवा’ म्हटलं तर तुमच्याकडे दाखवायला एक मिनिटही नाही. मोठे महोत्सव ‘आमच्याकडेच पहिल्यांदा दाखवा’ अशी अट घालतात, म्हणून निर्माते काहीच बाहेर देत नाहीत. त्यावर तोडगा आहे. तुमची दोन-तीन दृश्यं, पासवर्ड लावलेल्या खासगी लिंकवर, फक्त काम मिळवण्यासाठी दाखवता येतील, असं करारात लिहून घ्या. पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकांना आजच फोन करून हेच मागा. प्रवासखर्चावर राबलेल्या अभिनेत्रीचं एवढं मागणं ते मोडणार नाहीत, आणि मोडलंच तर पुढच्या वेळी त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला कळेल.

त्रास झाला तर कुठं जायचं तेही लिहून ठेवते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा चित्रीकरणालाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर निर्मात्याकडे अंतर्गत समिती असली पाहिजे. नसेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत करायची.

पैसे मागायला तुम्हाला का जड जातं, याचा मी बराच विचार केला. उत्तर मला आपल्या हौशी रंगभूमीत सापडतं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि जळगाव-धुळ्याच्या कितीतरी पिढ्या तिनं घडवल्या. मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तिथली रीत आठवा. दोन महिने रात्री तालमी, नेपथ्याला वर्गणी, साड्या घरच्या, प्राथमिक फेरीचा एक प्रयोग, आणि दुसऱ्या दिवशी सेट मोडून टेम्पोत. अभिनय म्हणजे पदरमोड करून करायची गोष्ट, हे तिथं इतकं अंगवळणी पडतं की पैसे देणारं कोणी समोर आलं तरी मागताना जीभ रेटत नाही. हौशी रंगमंचावर ही रीत ठीक आहे, कारण तिथं सगळेच पदरमोड करतात. तुमच्या नव्या चित्रपटात मात्र ज्यांची पदरमोड अपेक्षित आहे ते फक्त दोन-तीन जण आहेत.

खान्देशात निव्वळ रंगभूमीवर घर चालेल का, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात ते आहे. आज तरी चालणार नाही, खोटी आशा लावत नाही. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव तिकीट लावून नाटकं होतात, वडसा हे तिचं केंद्र, आणि कलाकाराला प्रयोगागणिक पैसे मिळतात. आपल्याकडे जत्रेत तमाशाचे फड येतात, वहीगायन आहे, सोंगं आहेत, पण नाटकाला तिकीट काढून बसणारा प्रेक्षक तसा बांधला गेला नाही. म्हणून मोठ्या संचाच्या नाटकांसोबत एखादा छोटा, एकटीनं किंवा दोघींनी करायचा प्रयोग हाताशी ठेवा, जो कॉलेजच्या सभागृहात, वाचनालयात, महिला मंडळात सतरंजीवरही होईल. बहिणाबाईंवरचे कार्यक्रम बरेच जण करतात. तुम्ही कापसाच्या जिनिंगमधल्या बायकांबद्दल, केळीचे घड उतरवून गाड्या भरणाऱ्या मजुरांबद्दल दोन ओळी लिहिल्यात, त्या मला जास्त जिवंत वाटल्या. तिकडेच तुमची संहिता आहे. संहिता दुसऱ्याची असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या, आणि कोणाचीही असली तरी प्रयोगाआधी नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. आणि पहिल्याच प्रयोगापासून मानधन सांगा, थोडं का होईना. फुकट सुरू झालेला कार्यक्रम पुढे पैशांचा होत नाही.

भाषेबद्दल. त्या ऑडिशनमध्ये जे म्हटलं गेलं ते मला लागलं. तुम्हाला किती लागलं असेल. पण त्यावरून ‘बोली गेल्याशिवाय काम नाही’ असा नियम करू नका. दैनंदिन मालिकांना एकसारखी शहरी मराठी हवी असते, हे खरं. पण अनेक स्वतंत्र चित्रपट आता सिंक साउंडवर होतात, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलाल तेच पडद्यावर ऐकू येतं. तिथं अहिराणी किंवा तुमच्या रावेर-यावलकडची लेवा बोली ज्या बाईच्या तोंडात लहानपणापासून आहे, तिला पर्याय नसतो. तिसऱ्या चित्रपटाचे लोक तुमच्याकडे आले ते यासाठीच. तेव्हा तुमची बोली मानधनाच्या बोलणीत तुमच्या बाजूनं उभी आहे, हे ध्यानात ठेवा. इतर कलाकारांचे संवाद तुम्हीच बसवून देणार असाल तर ते भाषा-मार्गदर्शनाचं स्वतंत्र काम आहे. त्याचे पैसे वेगळे आणि श्रेयही वेगळं. त्याच वेळी प्रमाण मराठी आणि हिंदी कमवत राहा. तुम्ही वर्गात शिकवता त्या मराठीत रोज थोडं मोठ्यानं वाचलंत तरी फरक पडेल. दोन्ही हाताशी असलेल्या नटीला जास्त दारं उघडी असतात.

खान्देशी विनोदी व्हिडिओंमधल्या ‘कजाग बायको’च्या भूमिका तुम्ही नाकारल्यात आणि लोक तुम्हाला शिष्ट म्हणाले, असंही लिहिलंत. नाकारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फक्त त्या मंडळींना कमी लेखू नका. घरचा प्रेक्षक त्यांनी स्वतः मिळवलाय आणि त्यातले कित्येक जण त्यावर पोट भरतात. कधी एखादी बरी भूमिका आली तर दिवसाचे पैसे ठरवून करा.

आता मुंबई. स्मिता पाटीलचं उदाहरण तुमच्या तोंडावर मारलं जातं त्याचं मला वाईट वाटतं, कारण ते दोघींवरही अन्याय करणारं आहे. तिचं घराणं शिरपूरचं, हे खरं आणि आपल्या अभिमानाचं. पण तिचा जन्म पुण्यातला, वडील मंत्रिपदापर्यंत गेलेले, आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत असताना ती दिग्दर्शकांच्या नजरेत आली. तालुक्याच्या गावात राहून तासिका सांभाळत तिनं सुरुवात केली नव्हती. तिच्या कामातून जे शिकायचं ते शिका. तिच्या वाटेशी स्वतःची वाट मोजू नका.

आज पहिल्या फेरीच्या बहुतेक ऑडिशन घरून पाठवता येतात. मोबाइल आडवा धरायचा, पाठीमागे साधी भिंत, समोरून खिडकीचा उजेड, पंखा बंद, समोरच्या पात्राचे संवाद कोणीतरी कॅमेऱ्यामागून वाचायचे. जळगाव ते मुंबई रेल्वेनं सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीनं जाऊन दुसऱ्या फेरीला उभं राहता येतं. त्यासाठी घर हलवायची गरज नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तीन-चार आठवडे मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकांकडे राहा, कामाच्या फिती आणि चार साधे फोटो घेऊन लोकांना भेटा, नाटकं बघा. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेचे अभिनयाचे छोटे अभ्यासक्रम असतात, तेही पाहा. ऑडिशनसाठी किंवा ‘रजिस्ट्रेशन’साठी कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा, मग ऑफिस कितीही चकचकीत असो. अशा दोन-तीन सुट्ट्यांनंतर सतत कामं येऊ लागली तर मुंबईत खोली घेण्याचा विचार करा. आधी खोली आणि मग काम, हा क्रम छत्तिसाव्या वर्षी, लहान मुलगी असताना, मला पटत नाही.

वयाबद्दल फार बोलत नाही. मालिकेतल्या नायिकेसाठी उशीर झालाय, स्वतंत्र चित्रपटातल्या बाईसाठी नाही.

पण आणखी एक काम याच आठवड्यात सुरू करा. आजवरची प्रत्येक पत्रिका, प्रमाणपत्र, वर्तमानपत्राचं कात्रण एका फाइलमध्ये लावा, आणि माहेरचं नाव व सासरचं नाव ही एकच व्यक्ती असल्याचा पुरावाही त्यात जोडा. ज्येष्ठ कलावंतांना राज्य शासनाकडून राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं दरमहा ५,००० रुपयांचं मानधन मिळतं. त्याला वयाची ५० वर्षं आणि कलेतली १५ वर्षं दाखवावी लागतात. आयुष्यभर रंगमंचावर राबलेल्या बायका तिथं अडतात, कारण पत्रिकेवर त्यांचं नावच नव्हतं किंवा लग्नाआधीचं होतं. तुम्हाला त्याला अजून खूप वेळ आहे, पण कागद आत्ताच जमवायचे असतात. तुमचं करिअर झालं का, या प्रश्नाचं उत्तरही त्या फाइलीत तारीखवार सापडेल. मला ते पत्रातच दिसलं: झालंय, आणि चालू आहे. फक्त त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तुमच्या पतींनी ‘काम की हौस’ विचारलं, त्यात मला टोमण्यापेक्षा काळजी जास्त दिसते. त्यांच्याशी वाद घालू नका, ती बेरीज त्यांच्यासमोर बसून करा. मदतनीस बाई कोण, मुलीला शाळेत कोण सोडणार, रविवारी तिला सेटवर भेटायला कोण आणणार, हे त्यांना ठरवू द्या. कॉलेजलाही आत्ताच लेखी कळवा, आणि त्या महिन्याच्या तासिका घेणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याचं नाव स्वतः सुचवा. आयत्या वेळी गैरहजर राहणाऱ्यापेक्षा आधी सांगणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावण्याची शक्यता जास्त.

आणि दिग्दर्शकांना हा निरोप पाठवा, हवे ते बदल करून:

“सर, भूमिका मला मनापासून करायची आहे. ३२ दिवस बाहेर राहण्यासाठी मला अमुक रक्कम चित्रीकरणादरम्यान तीन टप्प्यांत लागेल. उरलेलं मानधन पहिल्या विक्रीतून घ्यायला मी तयार आहे. संवादांच्या भाषेचं काम वेगळं धरावं. कराराचा मसुदा पाठवलात तर वाचून आठ दिवसांत कळवते.”

ते घासाघीस करतील. करू द्या, जास्तीच्या मानधनावर थोडं खाली या, पण घरखर्चाच्या त्या बेरजेखाली नको. पैसे खरंच नसतील तर दिवस कमी करता येतील का, तुमची दृश्यं सलग वीस दिवसांत बसतील का, ते विचारा. चांगला सहायक दिग्दर्शक वेळापत्रक तसं लावू शकतो. आणि डिसेंबर उजाडेपर्यंत कागद आलाच नाही, तर जानेवारीच्या तासिका घेते असं कॉलेजला सांगून टाका, आणि दिग्दर्शकांनाही तसं कळवा.